थकव्याची तारीख

फ्रान्समधल्या नान्सी शहरात बाराव्या शतकातलं एक दगडी शिल्प आहे. लोरेन प्रांतातल्या बेलव्हाल इथल्या मठातून ते तिथं आलं. एक पुरुष आणि एक बाई, एकमेकांना बिलगून उभे. पुरुषाच्या छातीवर क्रूस आणि हातात वाटसरूची काठी. क्रुसेडवरून, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धावरून, घरी परतलेला सरदार आणि त्याची पत्नी, असं त्यांना परंपरेनं मानलं जातं. व्होदेमोंचा पहिला ह्यूग हे नावही त्या पुरुषाला चिकटलेलं आहे. ज्या काळात क्रुसेडं चालू होती, त्या काळातल्या शिल्पकारानं आपल्या ओळखीचा क्रुसेडर घडवला तेव्हा त्याच्या हातात तलवार दिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तलवारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकात. ब्रुसेल्सच्या शाही चौकात 1848 साली पहिल्या क्रुसेडचा नेता गॉडफ्रे झेंडा उंचावून घोड्यावर बसला. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याबाहेर 1860 साली शिल्पकार मारोकेत्तीनं घडवलेला इंग्लंडचा क्रुसेडर राजा रिचर्ड तलवार उपसून उभा राहिला. त्यानंतर शिशाचे, प्लॅस्टिकचे, रेझिनचे जे हजारो छोटे क्रुसेडर जगभरच्या कपाटांत जाऊन बसले, ते बहुतेक या दोघांचीच नक्कल करत आले.

माझ्या ओळखीचा एक तरुण असे छोटे पुतळे घडवतो. 75 मिलिमीटर उंचीचे, सुमारे चोवीस पटींनी लहान केलेले. सध्या त्याच्या टेबलावर दमलेल्या क्रुसेडरांचा एक गट आकार घेतो आहे. त्याची मावशी कॉलेजात जगाचा इतिहास शिकवून निवृत्त झाली. त्या गटावरून दोघांत जे बोलणं झालं ते मी ऐकलं, आणि त्यातलं महत्त्वाचं इथं देतो आहे. मधे मधे मला जे वाटलं तेही लिहिलं आहे, कारण या वादात तटस्थ राहणं मला जमलं नाही.

मावशी : हा पुढचा तर अजून नुसती तार आहे. तरी दमलाय हे दिसतंय. कसं काय रे?

भाचा : थकवा तारेतच ठरतो, मावशी. तार ताठ राहिली तर वर कितीही नाजूक काम कर, माणूस दमत नाही. हे बघ, सगळा भार उजव्या पायावर दिलाय. म्हणून कंबर त्या बाजूला वर गेली आणि खांदा खाली आला. डावा गुडघा सैल आहे. डोकं मणक्याच्या पुढे आलंय. लोकांना वाटतं थकवा चेहऱ्यावर असतो. पण या मापात अख्खं डोकं एक सेंटिमीटरचं. आधी पाठमोरा माणूस दमलेला दिसायला हवा, चेहरा नंतर.

मावशी : आणि अंगावर चिलखत चढलं की हे सगळं झाकलं जाणार नाही?

भाचा : उलट, चिलखतच बोलतं. गुडघ्यापर्यंतचा कड्यांचा अंगरखा, दहा ते चौदा किलोंचा. तो टांगलेला असतो खांद्यांवर. म्हणून कमरेला पट्टा आवळून बांधायचा. मग खालचं वजन कमरेवर येतं आणि पट्ट्याच्या वर अंगरखा थोडा फुगतो. दिवसभर चालल्यावर पट्टा सैल पडतो, तो फुगवटा उतरतो आणि वजन परत खांद्यांवर जातं. मी पट्टा चार बोटं खाली सरकवणार आहे. ढाल पाठीवर, तिचा पट्टा मानेला एका बाजूनं ओढतोय. शिरस्त्राण काढलंय, आतल्या कापडी टोपीचे बंद सुटलेत. यातली कुठलीच गोष्ट मी दुःखी दिसावी म्हणून करत नाही. वजन कुठून कुठे जातं एवढंच बघतो.

इथं थोडं त्याच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा वाद त्यातूनच निघाला. तारेच्या सांगाड्यावर तो दोन भागांची इपॉक्सी पुट्टी लावतो. एक पट्टी निळी, एक पिवळी; मळली की हिरवी होते, म्हणून जगभरचे कारागीर तिला ‘ग्रीन स्टफ’ म्हणतात. पिवळी जास्त घेतली तर गोळा मऊ आणि चिकट राहतो, निळी जास्त घेतली तर घट्ट होतो, धारदार कडा धरतो. तास-दीड तास ती हाताला ऐकते, मग कडक व्हायला लागते. सगळा पुतळा एका बैठकीत होत नाही. पाठ करताना पोट बोटाखाली चेपतं, म्हणून एक बाजू करून वाळू द्यायची, मग दुसरी. कड्या उमटवायला तो इंजेक्शनच्या सुईचं टोक कापून, घासून अर्धगोल करतो. ते ओल्या पुट्टीत एकेक दाबायचं, पहिली ओळ डावीकडे तोंड केलेली, पुढची उजवीकडे. खऱ्या चिलखतातली कडी साधारण एक सेंटिमीटरची. या मापात ती 0.4 मिलिमीटरची व्हायला हवी. एका बाहीवर शेकडो ठसे. मी शेजारी बसून ते बघितलं आहे. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नाही.

मावशी : तू त्याच्या पट्ट्याचा, बंदाचा, खांद्याचा इतका विचार केलास, तिथंच माझी हरकत आहे. हा माणूस दमलाय, मान्य. कशानं दमलाय?

भाचा : चालून. उपासमारीनं. उन्हानं. क्रुसेड म्हणजे लढाई असं आपल्याला वाटतं, पण त्यातला मोठा भाग पायपिटीचा आहे. 1097 च्या उन्हाळ्यात ते आनातोलिया ओलांडत होते तेव्हा घोडे मेले. शार्त्रचा फुल्शे नावाचा पाद्री त्या सैन्याबरोबर होता. त्यानं लिहून ठेवलंय की शेळ्या-मेंढ्यांच्या, डुकरांच्या, कुत्र्यांच्या पाठीवर सामान लादलं होतं आणि चिलखत घातलेले सरदार बैलांवर बसून चालले होते. बैलावर बसलेला सरदार कुठल्या चौकात उभा केलाय सांग. मला त्या चौकातल्या पुतळ्यांना उत्तर द्यायचंय.

मावशी : आणि दोन वर्षांनी तेच लोक जेरुसलेमच्या तटाच्या आत होते. 15 जुलै 1099. दिवसभर कत्तल चालली, मुसलमानांची आणि ज्यूंचीही. ज्यांनी ती केली त्यांच्याच बाजूच्या लेखकांनी ती अभिमानानं लिहिली. आणि कत्तलीनंतर ते ख्रिस्ताच्या कबरीच्या चर्चमध्ये गेले, आनंदानं रडत. त्या क्षणी ते दमलेले नव्हते? हात दुखत नव्हते? एक पाय सैल नव्हता? तुझी तार त्या माणसाला अशीच वाकवावी लागेल. माणूस तहानेनं दमतो तेव्हा आणि माणसं मारून दमतो तेव्हा खांदा एकसारखाच उतरतो. बघणारा म्हणणार, बिचारा.

भाचा : बिचारा म्हटलं तर काय बिघडलं? तोही माणूसच होता.

मावशी : बिघडतं. ‘बिचारा’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारला जात नाही. जेत्यांनाही यातना झाल्या, असं म्हणत म्हणत हिशेब बरोबरीत सुटतो. 1096 साली सैन्य युरोपातून बाहेरही पडलं नव्हतं तेव्हा ऱ्हाईनच्या काठावर, वर्म्समध्ये, माइन्झमध्ये ज्यू वस्त्या कापल्या गेल्या. त्या लोकांना दमायलाही वेळ मिळाला नाही. त्यांचा पुतळा कोण करतं?

मला इथं मावशींचं म्हणणं पूर्ण पटलं. थकवा हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, आणि कलेत तो नेमका तसाच वापरला जातो. वाकलेली पाठ दिसली की आपण क्षमा करून टाकतो. भाच्यालाही ते लागलं असावं, कारण तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग मात्र त्यानं वादाची दिशा बदलली.

भाचा : दिवाळीत आपण किल्ला करायचो आठवतं? त्यावरचा एक मातीचा मावळा दमलेला होता का गं? सगळे ताठ. भाला सरळ, मिशी सरळ. पानिपतात 1761 च्या जानेवारीत आपली फौज उपाशी होती, जनावरं मरत होती, हे आपण शाळेत शिकलो; पण तो उपाशी शिपाई कुणी किल्ल्यावर ठेवला नाही. मी उद्या तो घडवला तर तू मला अडवशील?

मावशी : पानिपतचा घडव, कुणी अडवणार नाही. कारण पानिपतात आपण मेलो. पण बंगालात गेलेला घडव ना. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं आपल्या स्वाऱ्या तिकडे चालल्या होत्या. गावं लुटली, जाळली. बंगाली आया आजही मुलांना निजवताना ज्या बर्गींचं नाव घेतात, ते आपलेच लोक. पावसात भिजलेला, घोडा मेलेला, घरापासून हजार मैल दूर असा एक बर्गी तू सुंदर घडवलास आणि कोलकात्यातल्या कुणाच्या हातात दिलास, तर त्यानं काय म्हणावं?

भाचा : त्यानं काय म्हणावं हे मी ठरवू शकत नाही.

मावशी : पण त्याला काय दिसेल याचा विचार तू करायला हवास. तुझा दमलेला क्रुसेडर कुठेतरी बसलेला आहेच. दमास्कसमध्ये बसलाय.

मावशी दमास्कसचं बोलल्या ते तिथल्या किल्ल्याजवळच्या, क्रुसेडरांशी लढलेल्या सुलतान सलादीनच्या पुतळ्यामुळे. अब्दुल्ला अल-सय्यद या शिल्पकारानं घडवलेला तो ब्राँझचा पुतळा 1993 साली उभा राहिला. सलादीन घोड्यावर आहे, बाजूला त्याचे लोक चालताहेत, आणि घोड्याच्या मागे, जिथं बघणारा फेरी मारून गेल्याशिवाय दिसत नाही तिथं, दोन क्रुसेडर गळून बसले आहेत : जेरुसलेमचा राजा गी आणि त्याचा सरदार शातियाँचा रेनाल्ड. 4 जुलै 1187 ला हत्तीनच्या टेकड्यांवर त्यांची फौज संपली. आदल्या दिवशी ती सफ्फुरियाचे झरे सोडून निघाली होती, भर उन्हात, आणि पाण्यापर्यंत पोचूच शकली नाही. समोर तिबेरियासचं सरोवर दिसत होतं. सलादीनच्या माणसांनी वाळलेलं गवत पेटवून धूर त्यांच्या तोंडावर सोडला. म्हणजे दमलेला क्रुसेडर शिल्पात आधीच आहे, पण तो समोरच्यानं घडवला आहे. तिथं त्याची दमणूक हा दुसऱ्याच्या विजयाचा भाग आहे.

भाचा : तो पुतळा मला ठाऊक आहे. पण तिथं ते दोघं दमलेले नाहीत, हरलेले आहेत. हरलेला माणूस बघणाऱ्यासाठी बसतो. दमलेला स्वतःशी असतो. मला हरलेला नको होता.

मावशी : हा फरक मला मान्य आहे. पण हत्तीनला एक वर्षानं इब्न अल-अथीर गेला होता, मोसूलचा इतिहासकार. त्यानं लिहिलंय की हाडं लांबूनही दिसत होती, काही ढिगांनी, काही विखुरलेली. शत्रूची हाडं होती ती, तरी त्यानं ती नोंदवली. अशी नोंद करणारं माणूस मला तुझ्या चौथऱ्याजवळ दिसत नाही. तुझे पुतळे एकटे आहेत. त्यांना कुणी बघत नाही.

भाचा : चुकतेस. त्यांना बघणारा आहे, आणि त्याच्यामुळेच ते आहेत. मी हत्तीन घेतलेलं नाही. मी 1191 चा कूच घेतलाय, अक्का बंदरापासून जाफाकडे. बहाउद्दीन इब्न शद्दाद वाचलास ना?

मावशी : सलादीनचा काझी. त्याचं चरित्र लिहिणारा.

भाचा : तो या कूचाच्या वेळी समोरच्या बाजूला हजर होता. समुद्राच्या कडेनं रिचर्डचं सैन्य चाललंय, बरोबर जहाजं, आणि जमिनीच्या बाजूनं तुर्की घोडेस्वार दिवसभर बाण सोडताहेत. पायदळाचे दोन भाग केले होते. अर्धे जमिनीच्या बाजूनं बाण झेलत चालायचे, अर्धे समुद्राच्या बाजूला सामानाबरोबर, जरा विसावत. मग अदलाबदल. जनावरं कमी पडली म्हणून सामान स्वतःच्या पाठीवर. आणि बहाउद्दीन सांगतो की या पायदळाच्या अंगावर जाड नमदा आणि चिलखत होतं, आमचे बाण त्यात रुतून बसायचे पण आत जायचे नाहीत. एकेकाच्या पाठीत एकापासून दहापर्यंत बाण आणि तो माणूस आपला ओळ न सोडता चालतोय. त्यांच्या सोसण्याचं त्याला नवल वाटलं, हे तो मोकळेपणानं लिहितो. मावशी, दमलेल्या क्रुसेडरचं याहून चांगलं चित्र एकाही क्रुसेडरनं काढलेलं नाही. ते बाण सोडणाऱ्यांच्या बाजूनं आलंय. या पुढच्याच्या पाठीत मी सहा बाण रोवणार आहे, 0.4 मिलिमीटरची तार, प्रत्येक तीन सेंटिमीटर लांब. शत्रूच्या नजरेनंच तो घडतोय.

हे ऐकून मला वाटलं की वाद आता मिटला. शत्रूनं केलेलं कौतुक हा भक्कम आधार होता. पण मावशींना बहाउद्दीन भाच्यापेक्षा जास्त पाठ होता, आणि त्यांनी त्याच पुस्तकातली थोडीशी अलीकडची पानं काढली.

मावशी : कूच कधी सुरू झाला?

भाचा : ऑगस्टमध्ये. अर्सूफची लढाई 7 सप्टेंबरला.

मावशी : ऑगस्टमध्ये म्हणजे 20 ऑगस्टनंतर, त्याच आठवड्यात. आणि 20 ऑगस्टला काय झालं? अक्का 12 जुलैला शरण आलं होतं. आतल्या सलादीनच्या शिबंदीला ओलीस धरलं, खंडणी ठरली, हप्त्यांवरून घासाघीस झाली. 20 तारखेला रिचर्डनं त्या कैद्यांना शहराबाहेर मैदानात आणलं, सलादीनच्या पहाऱ्यावरच्या लोकांना दिसेल अशा जागी, आणि मारून टाकलं. सुमारे 2,700 माणसं. दोरांनी बांधून आणली होती, हेही बहाउद्दीनच सांगतो. म्हणजे तुझा हा सहा बाणांचा माणूस त्या मैदानावर होता. कदाचित तलवार चालवणाऱ्यांत होता, कदाचित नुसता उभा होता. पण होता. आणि ज्यानं हे लिहिलं त्यानंच काही पानांनी पुढे त्याच्या सोसण्याचं कौतुक केलं. ती दोन्ही पानं एकाच माणसाची आहेत. तू एकच घेतलंस.

भाचा : मी दोन्ही वाचली होती.

मावशी : वाचली असशील. घडवलं एकच.

यावर भाच्यानं जे उत्तर दिलं ते मला पूर्ण पटत नाही, पण ते त्याच्या हस्तकलेतून आलेलं उत्तर होतं आणि म्हणून इथं नीट नोंदवायला हवं.

भाचा : पुतळ्याला एकच क्षण मिळतो, मावशी. तुझ्या पुस्तकाला शंभर पानं मिळतात. मी या माणसाच्या शेजारी एक मारलेला कैदी ठेवला तर काय होईल? कैदी त्याचं सामान होऊन बसेल, जशी ढाल आहे, जसा भाला आहे. बघणारा म्हणेल, हा क्रूर. तेही ‘बिचारा’सारखंच आहे, पुढचा प्रश्न बंद. आणि मेलेल्या माणसाला कुणाच्या तरी पायाशी शोभेला ठेवणं मला जमणार नाही. त्या 2,700 लोकांचा पुतळा व्हायचा असेल तर तो त्यांचा म्हणून व्हावा.

मावशी : मग कर त्यांचा.

भाचा : करीन. पण तो या चौथऱ्यावर नाही.

मावशी : ‘करीन’ मी लक्षात ठेवते. आता बाकीचे दोघं कोण?

भाचा : दुसरा जमिनीवर बसलाय, मांडीत शिरस्त्राण, आणि लाकडाच्या तुकड्यानं तो ते बडवतोय. या वाटेवर रात्री विषारी किडे चावायचे, अंग सुजायचं. श्रीमंतांकडे औषध होतं. बाकीच्यांना शोध लागला की आवाज केला की किडे दूर जातात. मग सगळी छावणी रात्रभर शिरस्त्राणं, ढाली, भांडी बडवायची. दिवसा चालायचं आणि रात्री झोपायचं नाही. डोळे मिटलेले आणि हात चालू, असा तो करायचाय. तिसरा अजून ठरत नाही. टेम्पलर असावा असं वाटतं, धर्मासाठी लढणाऱ्या साधूंच्या पंथातला. पांढरा झगा, लाल क्रूस. तो लोकांना लगेच कळतो.

मावशी : लगेच कळतो म्हणूनच नको. 2011 साली नॉर्वेत ज्यानं 77 माणसं मारली तो स्वतःला टेम्पलरच म्हणवत होता. तो झगा आज कुणाकुणाच्या भिंतीवर आहे ते बघ. आणि इतिहासानंही बघ : 1188 च्या करारात फ्रेंचांनी लाल क्रूस घ्यायचा, इंग्रजांनी पांढरा, फ्लेमिशांनी हिरवा असं ठरलं होतं. तुझा पुढचा माणूस रिचर्डबरोबर आलेला इंग्रज असेल तर त्याचा क्रूस पांढरा हवा. रंगवताना कुणीही लाल लावेल.

भाचा : ते मला माहीत आहे, पांढराच करणार. मळका पांढरा, कड उसवलेली.

मावशी : मग तिसरी बाई कर.

भाचा : बाई?

मावशी : रिचर्डनं अक्का सोडताना सैन्याबरोबर बायका येऊ दिल्या नाहीत, फक्त धोबिणी सोडून. त्या सैन्यातल्याच अम्ब्रवाझ कवीनं ते सांगितलंय. कपडे धुवायच्या, डोकी धुवायच्या, पिसवा काढायच्या. त्या चालल्या नाहीत? त्यांनी चिलखत घातलं नव्हतं, बाण त्यांनाही लागत होते. आणि कैदी मारताना त्यांच्या हातात काही नव्हतं. दमलेलं माणूसच हवं ना तुला?

तार घेऊन भाच्यानं तिथल्या तिथे वाकवायला सुरुवात केली. डोक्यावर ओझं घेतलेली बाई चालते तेव्हा मान ताठ राहते आणि थकवा कमरेच्या खाली उतरतो, पाय फाकतात. पाठीवर ओझं असेल तर उलट. युरोपातल्या बाईनं ते पाठीवर घेतलं असेल की काखेत, यावर दोघं बराच वेळ बोलले. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातल्या चित्रमय बायबलच्या छपाया त्यानं काढल्या. ते बायबल पॅरिसमध्ये 1240 च्या सुमारास रंगवलेलं. कथा जुन्या करारातल्या, पण सगळे योद्धे तेराव्या शतकातल्या फ्रेंच चिलखतात, आणि मागे जनावरांवर सामान लादणारी, भांडी वाहणारी साधी माणसंही. चिलखतासाठी ते पन्नास वर्षं उशिराचं, म्हणून पुरं डोकं झाकणारी शिरस्त्राणं तो त्यातून घेत नाही. पण बंद कसा सुटतो, बाही कशी दुमडते, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसत नाही. सतराव्या शतकात ते पोलंडच्या एका कार्डिनलनं इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवलं, आणि मग त्या फ्रेंच योद्ध्यांच्या चित्रांच्या कडेनं फारसीत टिपा लिहिल्या गेल्या.

मावशी : बघ, त्या पुस्तकालाही दुसऱ्या बाजूचं माणूस भेटलं. टीप लिहायला कडेला जागा होती म्हणून. तुझ्या पुतळ्याला कडा कुठे आहे?

भाचा : चौथरा आहे. चार सेंटिमीटर रुंद.

मावशी : मग त्यावर काय लिहिणार?

भाचा : ‘अक्का ते जाफा, 1191’ असं म्हणत होतो.

मावशी : पुरेसं नाही. 1191 म्हणजे नुसतं वर्ष. वर्षात सगळं मावतं. तारीख घाल. 20 ऑगस्ट.

भाचा : पण हे कूचावरचे आहेत. त्या दिवशी ते चालत नव्हते. तारीख चुकीची होईल. बघणारा म्हणेल, हे त्या दिवसाचं दृश्य.

मावशी : म्हणू दे. मग तो शोधेल त्या दिवशी काय झालं.

इथं दोघंही अडून बसले, आणि मला दोघांचंही खरं वाटतं. कारागिराला चुकीची तारीख सोसत नाही, ज्यानं 0.4 मिलिमीटरची कडी मोजून दाबली त्यानं खाली खोटी तारीख कशी कोरावी? आणि मावशींना माहीत होतं की तारखेशिवाय हा सुंदर माणूस कुणाच्याही कपाटात जाऊन कुणाचाही वीर होईल. एच. जी. वेल्सनं 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहून पुस्तक काढलं, या छोट्या युद्धानं मोठ्याची हौस भागावी अशी त्याची मनापासूनची इच्छा होती, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. शिपायाचं माप लहान केल्यानं तो आपोआप निरुपद्रवी होत नाही. तो कोण, कुठला आणि काय करून आलेला आहे हे त्याच्याबरोबर चालावं लागतं. शेवटी वाट काढली ती भाच्यानं, आणि ती शब्दांतून नाही, तारेतून.

भाचा : त्यांची पाठ बघ. सामान ते स्वतः वाहत होते ना? मग या पुढच्याच्या पाठीवर, ढालीच्या खाली, दोराची गुंडाळी देतो. कापलेल्या दोराची. एक टोक तंबूच्या दोरासारखं विणून बांधलेलं नाही, कापलेलं. तुकडे जोडून गाठी मारलेल्या. कूचावर दोर लागतोच, तो वाया कोण घालवेल? ते कैदी बांधून आणले होते, म्हणालीस ना.

मावशी : कुणाला कळणार नाही.

भाचा : दोर का कापलाय, असं बघणाऱ्याला वाटेल. आणि खाली दोन्ही तारखा घालतो. 20 ऑगस्ट, 7 सप्टेंबर. मधल्या दिवसांतला माणूस आहे तो, हे खोटं नाही.

मावशी : दोर किती जाड होईल तुझा?

भाचा : दोन बारीक तारा पिळायच्या. अर्धा मिलिमीटर, फार तर थोडा जास्त.

मावशी : मग तारखा मोठ्या घाल.